पडवीची जाळी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाकडून आशीर्वादासाठी बोलावणे आले. नवे घर नव्हते, नवी गाडी नव्हती, दुकानही नव्हते. घरामागची पडवी त्यांनी जाळी लावून बंदिस्त करून घेतली होती आणि तिला फादरांनी आशीर्वाद द्यावा, अशी घरच्या आजींची इच्छा होती. इतक्या लहानशा कामाला आशीर्वाद कशाला, असा विचार आमच्या मनात क्षणभर येऊन गेला हे कबूल केले पाहिजे. परंतु वसईच्या वाडीतील घरात पुढच्या ओटीपेक्षा मागची पडवी अधिक जिवंत असते, हे आम्ही विसरलो होतो. ओटीवर पाहुणे बसतात. पडवीत घर बसते.

ही पडवी आम्हांला पूर्वीपासून ठाऊक होती. आजी लग्न होऊन आल्या तेव्हा ती शेणाने सारवलेली होती, पुढे कोबा झाला, मग लादी बसली. पलीकडे विहीर, विहिरीपलीकडे केळी आणि वाडीतून येणारी पायवाट. त्या वाटेने कोण येत नसे? शेजारीण विरजण मागायला येई, कोळीण डोक्यावरची पाटी पडवीच्या कडेला उतरवी, वाडीत कामाला येणारी वारली बाई दुपारची भाकरी तिथेच सोडी आणि भिंतीला पाठ लावून घटकाभर डोळे मिटी. कोणी कोणाला 'बसू का' असे विचारत नसे. पडवी ही विचारून बसण्याची जागाच नव्हती.

आता तिथे पावडर कोटिंग केलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटी उभ्या होत्या. त्यांत फायबरची बारीक जाळी ताणून बसवलेली, तिच्याबाहेर लोखंडी ग्रिल, एक सरकता दरवाजा आणि दरवाजाला कुलूप. काम सुबक झाले होते. आत वेताच्या दोन खुर्च्या, कुंड्या, बाटलीत लावलेला मनीप्लांट आणि भिंतीवर पवित्र कुटुंबाचे चित्र.

ही जाळी हौसेने लागलेली नव्हती, हे आधीच सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी या घरातील नातीला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत गेल्या आणि आईबापांनी तीन रात्री रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून काढल्या. पोर वाचली. त्यानंतर मुलीच्या बापाने ठरवले की या घरात डास येता कामा नये. 'आमच्या लहानपणी कुठे होत्या जाळ्या?' असे म्हणणाऱ्या मंडळींना आम्ही एवढेच विचारू, की तुमच्या लहानपणी तापाने गेलेली भावंडे तुम्ही मोजली आहेत काय? दफनभूमीतील जुने क्रूस पाहावेत. त्यांवरील वयांचे आकडे पुष्कळ काही सांगतात.

प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडले, चहा आला. त्याच वेळी पायवाटेने ती वारली बाई आली. डोक्यावर गवताचा भारा होता. जाळीआड माणसे बसलेली आणि दार लोटलेले पाहून ती थबकली, भारा खाली ठेवला आणि विहिरीच्या कठड्याला टेकून उन्हातच बसली. ऑक्टोबरचे ऊन कसे असते ते वसईकरांना सांगायला नको. कोणाचे लक्ष गेले नाही. आमचेही गेले नसते. आजी मात्र तिकडेच पाहत होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "फादर, डास बाहेर राहिला ते बरंच झालं. पण तिलाही बाहेर ठेवायचं होतं का?"

आम्ही धर्मगुरू. आमच्यापाशी उत्तर असावे अशी लोकांची अपेक्षा असते. आमच्यापाशी उत्तर नव्हते. पुढचे काही आठवडे हा प्रश्न आम्ही बरोबर घेऊन हिंडलो आणि जे सुचले ते येथे मांडत आहोत.

प्रथम जाळीची बाजू. 'मलेरिया' हा शब्द मूळचा इटालियन. त्याचा अर्थ वाईट हवा. दलदलीवरून येणाऱ्या दूषित वाऱ्याने ताप येतो, अशी शतकानुशतके समजूत होती आणि म्हणून रोमभोवतीच्या सखल प्रदेशातील माणसे रात्री दारे-खिडक्या लावून घेत. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात या तापाचे जंतू सापडले आणि वाऱ्यावरचा आळ टळला. तरी लोकांची खात्री पटेना. तेव्हा १९०० च्या उन्हाळ्यात जॉर्ज लो आणि लुई साम्बोन हे दोन डॉक्टर रोमजवळील ओस्तिया येथे, ऐन दलदलीच्या कडेला, एका लाकडी खोपटात राहायला गेले. खोपटाच्या दारा-खिडक्यांना तारेची बारीक जाळी होती. नियम एकच. सूर्यास्तापूर्वी आत जायचे आणि सूर्योदयानंतर बाहेर पडायचे. दिवसा ते गावात हिंडत, रात्री खिडक्या उघड्या ठेवून तोच 'वाईट' वारा अंगावर घेत. क्विनीन घेतले नाही. आजूबाजूची माणसे तापाने फणफणत होती. हे दोघे आणि त्यांचे सोबती मात्र ऋतू संपेपर्यंत धडधाकट राहिले.

या हकिकतीत आम्हांला जे मोलाचे वाटते ते असे, की जाळीने खिडकी बंद केली नाही, उघडली. जाळी येण्यापूर्वी माणूस भीतीने वारा आणि ताप दोन्ही बाहेर ठेवत होता. जाळीने निवड केली. वारा आत, डास बाहेर. भिंतीला निवड करता येत नाही. चाळणीला येते.

ओस्तियाचे नाव निघाले की धर्मगुरूला दुसरीच एक खिडकी आठवते. ३८७ साली याच गावी संत ऑगस्टीन आणि त्यांची आई संत मोनिका आफ्रिकेला परतण्यासाठी जहाजाची वाट पाहत थांबले होते. घराच्या आतल्या बागेकडे उघडणाऱ्या खिडकीशी उभे राहून मायलेकांनी परमेश्वराविषयी जे बोलणे केले, ते ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोनिका तापाने आजारी पडल्या आणि नवव्या दिवशी गेल्या. तो ताप कसला होता ते कोणी सांगू शकणार नाही आणि तर्क लढवण्याचे कारणही नाही. परंतु उघड्या खिडकीशी उभे राहणे आणि तापाने मरणे या दोन्ही गोष्टी एकाच घरात, थोड्याच दिवसांच्या अंतराने घडतात, हे आजींच्या मुलाला कोणी शिकवायला नको. त्याने ते रुग्णालयाच्या बाकड्यावर शिकून घेतले आहे.

तेव्हा जाळी पाप नाही. पवित्र शास्त्र तर काही ठिकाणी अडसर घालण्याची आज्ञाच करते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे की नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, म्हणजे कोणी पडून मेल्याचा दोष तुझ्या घरावर येणार नाही. त्या काळी सपाट गच्चीवर माणसे बसत, झोपत. कठडा घरमालकाच्या मालमत्तेसाठी नाही. तो दुसऱ्याच्या जिवासाठी आहे. आमच्या मते कोणत्याही अडसराकडे पाहण्याची ही चांगली दृष्टी आहे. हा कोणाच्या जिवासाठी बांधला आहे? नातीच्या जिवासाठी बांधलेली जाळी या कसोटीला उतरते.

पण कुलूप? आजींचा प्रश्न जाळीविषयी नव्हताच.

त्याच नियमशास्त्रात दुसरी एक आज्ञा आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला सांगितले आहे, की पीक कापताना शेताची कड पूर्ण कापू नकोस, पडलेली कणसे वेचू नकोस, द्राक्षमळ्यात खाली गळलेली फळे गोळा करू नकोस. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू देत. येथे दान दे असे म्हटलेले नाही, हे लक्षात घ्यावे. दान देणारा हात वर असतो, घेणारा खाली. शेताच्या कडेला असा वर-खाली हात नाही. कड शेतकऱ्याच्याच मालकीची, सारा तोच भरणार, पण तिच्यावर दुसऱ्याचाही हक्क आहे आणि तो त्याने येऊन स्वतःच्या हातांनी उचलावा अशी देवाची योजना आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेविषयी लिहिताना हाच धागा पकडला. मिळवणे आणि सांभाळणे यासाठी वस्तू एखाद्याची स्वतःची असू शकते, पण वापराच्या बाबतीत तिच्याकडे सर्वांची म्हणून पाहावे आणि गरजवंताला ती सहज द्यावी. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांविषयीचे परिपत्रक लिहिताना याच शिकवणीचा आधार घेतला होता.

वाडीतील शेतकऱ्याला ही गोष्ट ग्रंथ न वाचता कळली होती. पडवी ही घराची कापायची राहिलेली कड होती. जमीन आपली, छप्पर आपले, पण सावली येणाऱ्या-जाणाऱ्याची. गोव्यातील जुन्या घरांना पुढे बाल्कांव असतो. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बांधीव आसने, तोंड रस्त्याकडे. त्यामागे हीच समजूत असावी.

मुळात आतिथ्याला अशी मधली जागा लागते. आतही नाही आणि रस्त्यावरही नाही, अशी. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दाराशी बसलेला आहे. तीन अनोळखी माणसे दिसताच तो उठून धावतो, पाय धुवायला पाणी आणवतो, भाकरी करवतो, वासरू रांधवतो. हा प्रसंग आम्ही कितीदा तरी वाचला असेल, पण एक साधी गोष्ट परवा प्रथमच ध्यानात आली. अब्राहामाने त्या तिघांना तंबूत नेले नाही. सारा आतच होती. पाहुण्यांना त्याने झाडाखाली बसवले. अनोळखी माणसाला माजघरात घ्या, त्याच्या हाती घराच्या किल्ल्या द्या, असे देव आपल्याला सांगत नाही. झाड असावे, एवढेच. आपण मात्र झाड तोडतो आणि मग म्हणतो, अनोळखी माणसाला घरात कसे घ्यावे?

लूकच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत माणसाचे उलट झाले. त्याच्या दाराशी लाजर पडून होता. श्रीमंताने त्याला मारले नाही, हाकलले नाही, कुत्री अंगावर घातली नाहीत. उपदेशांत आपण म्हणतो की त्याला लाजर दिसलाच नाही. तसे म्हणता येणार नाही. मेल्यानंतर तो अब्राहामाला विनवतो तेव्हा लाजरला नावाने ओळखतो. नाव ठाऊक होते! दोघांमध्ये एक दार होते आणि ते लागलेले होते, इतकेच. परलोकात तेच दार मोठी दरी होऊन बसले. या दाखल्याने आम्हांला नेहमीच अस्वस्थ केले आहे, कारण यात दुष्टपणा कुठेच दाखवता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, फादर, तुम्हांला उपदेश करायला काय जाते? वाडीत आता कोण कोणाला ओळखते? चहूबाजूंना इमारती झाल्या, बावखले बुजली, पायवाटेने कोण येईल याचा भरवसा नाही. मुले आखातात, कॅनडात. घरात दोन म्हातारी माणसे. ग्रिल नको तर काय करायचे? हे म्हणणे खरे आहे आणि ते हसण्यावारी नेण्याचा अधिकार आम्हांला नाही. नाही, कारण ग्रिल आम्हीही लावले आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. चर्चमधील दानपेटी फोडली गेली, पाठोपाठ बंगल्यातही चोरी झाली. कौन्सिलने सुचवले, आम्ही मान्य केले आणि बंगल्याच्या व्हरांड्याला ग्रिल व सरकते लोखंडी दार बसवले. बाहेर विजेची घंटा लावली. जुलैतील एका रात्री धो-धो पाऊस होता, वीज गेलेली होती. एक तरुण आईसाठी आम्हांला बोलवायला आला. आई अखेरच्या घटका मोजत होती, तिला पवित्र तेलाचा अभ्यंग हवा होता. त्याने घंटा दाबली, ती वाजली नाही. ग्रिल हलवले, हाका मारल्या. आमची खोली मागच्या बाजूला, वर पत्रे, पत्र्यांवर पाऊस. तो परत गेला. पहाटेपूर्वी आई गेली. सकाळी तो दफनविधीची वेळ ठरवायला आला. आम्ही विचारले, "रात्री का नाही बोलावलंत?" तो म्हणाला, "आलो होतो, फादर. दार बंद होतं." स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्ही काही उत्तर तरी दिले असते.

ग्रिल होण्यापूर्वी व्हरांडा उघडा होता. तो आत आला असता, खोलीच्या खिडकीवर थाप मारली असती. ग्रिल चोरासाठी होते. चोराला ते त्या रात्री अडवायचे नव्हतेच, तो आलाच नव्हता. परमेश्वराची कृपा संस्कारांनी बांधलेली नाही, त्या माउलीला त्याने आपल्याजवळ घेतले असेल याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण ती आमच्या वाट्याची सेवा होती आणि ती आमच्या हातून झाली नाही.

चाळणीचा हा धोका आहे. चाळणीला भोके कोणत्या आकाराची ठेवायची ते आपण एकदा ठरवतो आणि मग ती आपोआप चाळत राहते. डासासाठी बसवलेली जाळी वारली बाईला चाळून बाहेर ठेवते, चोरासाठी बसवलेले ग्रिल मरणाऱ्या आईच्या मुलाला. यात कोणीच तसे ठरवलेले नसते. म्हणून अशा कामाचा विचार काम सुरू होण्यापूर्वी करावा लागतो, कारागीर माप घ्यायला येतो तेव्हा. या जागेत आजवर कोण-कोण बसत होते त्यांची नावे घरातल्यांनी एकदा आठवावीत. उंची-रुंदीच्या मापाइतकेच ते आवश्यक आहे. नावे आठवली की पुढचे सुचते. दार दिवसा नुसत्या कडीवर ठेवता येते. छप्पर जाळीच्या पुढे थोडे काढता येते. बाहेर एक बाक टाकता येतो. हे फार खर्चाचे नाही.

एक गोष्ट जाता जाता. आशीर्वादानंतर काही दिवसांनी घरोघर पाणी तपासणारे आरोग्य कर्मचारी त्या घरी आले तेव्हा डेंग्यूच्या डासाच्या अळ्या कुठे सापडल्या म्हणता? जाळीच्या आत, मनीप्लांटच्या बाटलीत आणि कुंडीखालच्या बशीत. हा डास गटारात नव्हे, घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि चावतो तो दिवसा. आठवड्यातून एकदा सगळी भांडी, बश्या, पिंप रिकामे करून, घासून कोरडे करावे, हे आम्ही मिस्सानंतरच्या सूचनांत दर पावसाळ्यात सांगतो आणि लोक दर पावसाळ्यात चप्पल शोधू लागतात. जाळी त्या आळसाला पर्याय नाही. शिवाय जाळी धुळीने भरली की वारा अडतो, ती महिन्या-दोन महिन्यांनी धुवावी. आणि आमच्या खाऱ्या हवेत लोखंडी ग्रिल रंगाविना फार दिवस टिकत नाही.

आज आम्ही राहतो त्या बंगल्यालाही ग्रिल आहे. ते काढण्याचे धैर्य आम्हांला झालेले नाही. त्याच्या बाहेर मात्र आम्ही एक पितळी घंटा टांगली आहे, दोरीची, विजेशी संबंध नसलेली. शाळेतून घरी जाणारी मुले ती उगाच वाजवून पळतात. दुपारची झोप मोडते. सहायक फादरांनी दोनदा ती उंच टांगण्याची सूचना केली. आम्ही ती अजून मनावर घेतलेली नाही.

आजींच्या घरी आम्ही नाताळाच्या आधी पुन्हा गेलो. मुलाने कारागिराला बोलावून चौकट तीनेक फूट आत घेतली होती. छप्पर होते तसेच, त्यामुळे जाळीबाहेर सावलीची एक पट्टी मोकळी झाली होती आणि तिथे कडाप्प्याचा बाक आला होता. हे सारे आजींनी घडवून आणले की मुलाला आपणहून सुचले, ते आम्ही विचारले नाही. वारली बाई बाकावर बसली होती, पाटी बाजूला. आजींची खुर्ची जाळीला लागून आत होती. नात तिच्याशेजारी अभ्यास करत होती. दोघींचे जाळीतून बोलणे चालले होते, कोणाच्या तरी लग्नाचे.

मुलगा आम्हांला पाहून म्हणाला, "फादर, आता तुम्हीच समजवा आईला. दिवसातून दहा वेळा दार उघडते. डास आत येतात मग."

आजी पाण्याचा तांब्या घेऊन उठल्या होत्या.